डिस्काउंट किती ते कळलं, ग्राइंडर कुठला ते सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेले काही रविवार तुमच्या खरेदी पुरवणीत ग्राइंडर बसवलेल्या ड्रिप कॉफी मेकरच्या जाहिराती येतायत, म्हणजे वरून दाणे टाकायचे, मागे पाणी भरायचं, बटण दाबायचं आणि दळण्यापासून गाळण्यापर्यंत सगळं एकाच मशीनने करायचं, आणि प्रत्येक जाहिरातीत जुनी किंमत खोडलेली, शेजारी नवी किंमत आणि खाली भल्यामोठ्या आकड्यात किती टक्के सूट. जाहिरातींबद्दल माझी तक्रार नाही, जाहिरातींशिवाय पेपर निघत नाही एवढं मला कळतं. तक्रार आहे ती आतल्या पानावर 'काय घ्याल' म्हणून जो लेख होता त्याबद्दल. त्यात टायमर किती तासांचा, बॉडी स्टीलची का प्लास्टिकची, किती कप होतात, रंग कुठले कुठले, सगळं होतं आणि ज्याच्यावर या मशीनचं सगळं अवलंबून आहे तेवढं मात्र नव्हतं. आतला ग्राइंडर पात्याचा आहे का बरचा? लेखात एक शब्द नाही. आणि सूट किती हे मात्र दोनदा.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण दुकानात हे कुणी आपणहून सांगत नाही. कॉफीचे दाणे दळायचे दोन प्रकार आहेत. एकात तळाला पातं असतं, ते गरगर फिरतं आणि सापडेल त्या दाण्याचे तुकडे करत सुटतं. दुसऱ्यात दोन दातेरी चकत्या असतात किंवा एक शंकू आणि त्याभोवती कडं असतं, त्यांना बर म्हणतात, दाणा त्या दोघांच्या फटीतून दळून खाली पडतो, थोडक्यात जातंच ते, फट कमी केली की बारीक आणि वाढवली की जाड. फरक असा की बरमध्ये तुकडा फटीएवढा झाला की तो खाली पडून सुटतो, परत दळला जात नाही. पात्याच्या ग्राइंडरमध्ये सुटका नाही, जो पात्याच्या वाटेत येतो तो परत परत कापला जातो आणि जो कडेला चिकटून बसलाय तो अर्धा दाणा तसाच राहतो, म्हणून एकाच दळणात पिठूळ पूडही असते आणि जाड तुकडेही असतात.

आता याने चवीला काय होतं, तर बरंच होतं. भाजलेल्या कॉफीच्या वजनातला साधारण ३० टक्क्यांपर्यंतचा भाग पाण्यात विरघळू शकतो, पण तो सगळा आपल्याला नको असतो, साधारण १८ ते २२ टक्के उतरला की कॉफी चांगली लागते हा बऱ्याच वर्षांपासूनचा धरलेला हिशोब आहे. कमी उतरला की आंबट आणि पाणचट, जास्त उतरला की कडू आणि तोंड कोरडं करणारी. पिठूळ पुडीतून भराभर सगळं उतरतं, जाड तुकड्यातून अर्धंच, आणि दोन्ही एकाच फिल्टरमध्ये असले तर कप एकाच वेळी आंबटही लागतो आणि कडूही. लोक मग दाण्यांना नावं ठेवतात, ब्रँड बदलतात, महागातले दाणे आणतात आणि परत तेच. सुटं पात्याचं ग्राइंडर असेल तर निदान हातात धरून हलवता येतं, मध्ये थांबून उघडून बघता येतं, बाजूचे तुकडे खाली ढकलता येतात. या जोडमशीनमध्ये तेही नाही, ते आपले ठरलेले सेकंद फिरणार आणि जे काय झालं असेल त्याच्यावर गरम पाणी ओतणार.

म्हणजे ताज्या दळणाच्या नावाखाली मशीन विकायचं आणि दळण असं, याला काय अर्थ आहे. ताजं दळण महत्त्वाचं आहे हे खरंच आहे हां, त्यात खोटं काही नाही. दळल्यावर पृष्ठभाग इतका वाढतो की वास हवेत उडायला आणि हवा आत शिरायला लागते ती लगेचच, आणि अख्खे दाणे जेवढे दिवस टिकतात त्याच्या जवळपासही पूड टिकत नाही. पण ताजं आणि एकसारखं, दोन्ही पाहिजे, आणि माझं मत विचाराल तर पात्याने घरी ताजी केलेली ओबडधोबड पूड आणि चांगल्या दुकानातून बर ग्राइंडरवर दळून आणलेली, लवकर संपवायची पूड यात मी दुसरी घेईन.

ड्रिप कॉफी मेकर ही मुळात इतकी साधी वस्तू आहे की तिच्यात बिघडायला फारसं काही नाही, आणि मला तर हीच तिची खरी गंमत वाटते. १९०८ मध्ये जर्मनीत ड्रेस्डेनला मेलिटा बेंट्झ नावाच्या गृहिणीने पितळी भांड्याला भोकं पाडली, त्यात मुलाच्या वहीतला टीपकागद घातला आणि त्यातून कॉफी गाळली, त्याचं पेटंटही घेतलं, कागदाचा फिल्टर तिथून आला. विजेवर चालणारं ड्रिप मशीन १९५४ मध्ये, तेही जर्मनीतच, विगोमाट नावाने, आणि अमेरिकेत १९७२ मध्ये मिस्टर कॉफी आलं तेव्हापासून हे घराघरातलं मशीन झालं. आतमध्ये काय आहे तर पाण्याची टाकी, खाली घोड्याच्या नालाच्या आकाराची अॅल्युमिनियमची नळी, तिला चिकटलेलं हीटिंग एलिमेंट आणि एक छोटासा एकाच बाजूने उघडणारा व्हॉल्व्ह. बहुतेक मशीनमध्ये पंप नसतो. नळीत पाणी उकळलं की बुडबुडे होतात, व्हॉल्व्हमुळे मागे जाता येत नाही म्हणून ते पाण्याला घेऊन वर चढतात आणि पाणी वरून पुडीवर पडतं. शेवटी जो गुरगुर आवाज येतो तो टाकी रिकामी झाल्याचा. तेच एलिमेंट ज्यावर कॉफीचं भांडं ठेवतात त्या वरच्या तव्यालाही गरम ठेवतं. संपलं, एवढंच मशीन. म्हणून साधी ड्रिप मशिन्स वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालतात, खनिजांचा थर धुतला की झालं.

आता या साध्या वस्तूच्या डोक्यावर तुम्ही मोटर बसवली, दाण्यांचा डबा बसवला, दळलेली पूड खाली फिल्टरमध्ये पडायला एक घसरगुंडी बसवली, आणि झाकण नीट बसलंय की नाही हे बघणारे दोन-तीन स्विच बसवले. आणि खाली काय चाललंय, तर जवळजवळ उकळतं पाणी आणि वाफ. वाफ वर जाणारच. ती त्या घसरगुंडीत शिरते, तिथे उरलेली पूड ओली होते, चिकटते, सुकते, दुसऱ्या दिवशी तिच्यावर अजून चिकटते, आणि एक दिवस पूड खाली पडायच्या ऐवजी वरच साठते, खाली नुसतं पिवळं पाणी येतं आणि माणूस समजतो मशीन गेलं. गेलेलं नसतं, तुंबलेलं असतं. चांगल्या मशीनमध्ये दळण झालं की एक झडप बंद होते आणि वाफ अडते, पण ती झडपही पुसावी लागते. पात्याच्या बऱ्याच मॉडेलमध्ये तर दळायची वाटी फिल्टरला लागूनच असते, ती वाटी, तिचं झाकण, जाळी, फिल्टरचं बास्केट हे सगळं प्रत्येक वेळी धुवायचं आणि पूर्ण कोरडं करायचं, कारण ओल्या वाटीत दाणे दळले की कडेला लगदा बसतो. सकाळी डोळे चोळत एवढं कोण करणार? जाहिरातीत मात्र लिहिलेलं, एका बटणात कॉफी. बटण एकच आहे हो, धुवायचे भाग किती आहेत ते लिहा ना.

माझ्याकडे स्वतःकडे बरवालं जोडमशीन आहे, बरीच वर्षं वापरतेय, तेव्हा हे सगळं काही ऐकीव नाही. आवडतं मला ते. पण ते आवडायला मला त्याचे नखरे शिकून घ्यावे लागले, उदाहरणार्थ फार काळे भाजलेले, तेलाने चमकणारे दाणे मी त्यात टाकतच नाही, ते तेल बरला चिकटतं, डब्यात दाणे एकमेकांना धरून बसतात आणि खाली सरकत नाहीत, मशीन रिकामं फिरत राहतं. आणि ते दळतं वजनाने नाही तर वेळेने, म्हणजे आठ कप दाबले की अमुक इतके सेकंद मोटर फिरणार. दाणे बदलले की त्याच सेकंदात पडणारी पूड बदलते, काळा भाजलेला दाणा फुललेला आणि हलका असतो, फिका भाजलेला घट्ट आणि जड. त्यामुळे नवीन पाकीट उघडलं की पहिल्यांदा पूड काढून काट्यावर वजन करायचं आणि मग कमीजास्त करायचं. हे करायची ज्यांची तयारी आहे त्यांनी खुशाल घ्यावं. ज्यांना नुसतं बटण हवंय त्यांना दुकानदाराने हे आधी सांगावं.

डब्यात दाणे भरून ठेवायची सोय आहे म्हणून लोक अख्खं पाकीट ओततात. करू नये. तो डबा पारदर्शक असतो, पूर्ण हवाबंद क्वचितच असतो, खालून मशीनची ऊब आणि वाफ. एकदोन दिवसांचे घालावेत, बाकीचे बंद डब्यात. आणि टायमरचं जे एवढं कौतुक असतं, की रात्री लावून ठेवा आणि सकाळी जाग येईल ती कॉफीच्या वासाने, तर जाग वासाने येत नाही, ग्राइंडरच्या आवाजाने येते, आणि तुमच्याबरोबर घरातल्या लहान बाळालाही येते. त्यासाठी ग्राइंडर बंद ठेवायचं बटण असावं लागतं, म्हणजे रात्री दळून फिल्टरमध्ये ठेवायचं आणि सकाळी फक्त पाणी. हे बटण आहे का हेही जाहिरातीत शोधून सापडत नाही. खरं तर हे बटण सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण उद्या ग्राइंडर बिघडला तर या बटणामुळे निदान विकतची पूड घालून ड्रिप तरी चालू राहतं. काही मशिन्स अशी असतात की दळणाचा टप्पा पार पडल्याशिवाय पाणी पुढे सोडतच नाहीत, मोटर गेली की सगळंच गेलं.

कपांचा हिशोब पण एकदा नीट छापा. मशीनवर बारा कप लिहिलेलं असतं ते कप बहुतेक ठिकाणी १५० मिलीच्या आसपासचे, काही युरोपियन मशीनवर १२५ मिलीचे. म्हणजे बारा कपांना साधारण १.८ लिटर पाणी. त्यातलं थोडं भिजलेली पूड धरून ठेवते, आपल्या वजनाच्या दुप्पट तरी. आणि आपण ज्यात पितो तो मग २५० ते ३०० मिलीचा, म्हणजे बारा कपांचे झाले पाच-सहा मग. यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही, आकडा छापलेलाच असतो मॅन्युअलमध्ये, पण घरात सहा माणसं आहेत म्हणून सहा कपांचं घेतलं तर पहिल्या दिवशी भांडण. दुसरं म्हणजे, स्पेशालिटी कॉफी असोसिएशन या कॉफीवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं जे प्रमाण आहे ते लिटरला ५५ ग्रॅम, थोडं इकडेतिकडे. १.८ लिटरला झाले जवळजवळ १०० ग्रॅम दाणे. आता त्या मशीनची दळायची वाटी आणि फिल्टरचं बास्केट डोळ्यांनी बघा आणि १०० ग्रॅम त्यात मावतील का विचारा. मावत नसतील तर बारा कपांचा आकडा फक्त पाण्याच्या टाकीचा आहे, कॉफीचा नाही.

तापमानाबद्दल फार लिहीत नाही, पाणी पुडीवर पडताना ९० च्या वर आणि ९६ अंशांच्या आत असावं, कॉफीचा पूर्ण जग (भांडं) चार ते आठ मिनिटांत भरावा, वर सांगितलेल्या असोसिएशननेच घरगुती मशिन्स तपासून प्रमाणपत्र दिलेली यादी असते आणि त्या यादीत जे नाव आहे ते मशीन निदान पाण्याच्या बाबतीत दगा देत नाही. पण लक्षात ठेवा ते पाण्याचं आणि गाळण्याचं प्रमाणपत्र आहे, ग्राइंडरचं नाही. काचेचा जग आणि खाली गरम तवा असेल तर अर्ध्या तासानंतर ती कॉफी शिजत राहते, कडवट होते, म्हणून मी तरी थर्मासचा जग असलेलंच घ्या म्हणेन, वीजही वाचते. युरोपात तर २०१५ पासून नियमच आहे, साध्या जगाचं मशीन कॉफी झाल्यावर ४० मिनिटांत आणि थर्मास जगाचं पाच मिनिटांत आपोआप बंद झालं पाहिजे.

आता सूट. सूट कशावर दिली जाते हे विचारल्याशिवाय सूट किती याला काही अर्थ नाही. खोडलेली किंमत ही कधीतरी, कुठेतरी, कुणीतरी दिलेली किंमत असेलच असं नाही. युरोपियन युनियनमध्ये २८ मे २०२२ पासून असा नियम लागू आहे की सूट जाहीर करायची तर मागच्या किमान ३० दिवसांतली सगळ्यात कमी किंमत दाखवावी लागते, उगाच आदल्या दिवशी भाव वाढवून दुसऱ्या दिवशी कमी करून सूट म्हणता येत नाही. जिथे असा नियम नाही तिथे हे काम आपणच करायचं, आवडलेलं मशीन यादीत टाकून महिनाभर किंमत बघत राहायची, बरेचदा दिसतं की सूट वर्षभर चालूच असते.

आणि खरी सूट असेल तर ती का आहे? ग्राइंडरवाल्या मशीनच्या बाबतीत मला कारणं दिसतात ती अशी. एक तर मॉडेल बंद होतंय. बंद होणाऱ्या मॉडेलला हरकत नाही, फक्त सुटे भाग पुढे मिळणार का ते बघा, कारण या मशीनला भाग लागतात, वरचा बर झिजतो, झाकणाच्या खुंट्या तुटतात, घसरगुंडीची रबरी झडप कडक होते, काचेचा जग तर फुटतोच. थेंब थांबवायची झडप नसलेल्या साध्या ड्रिपला दुसरा कुठलाही जग कसाबसा बसवता येतो, ज्या मशीनमध्ये ती झडप असते तिथे जगाची उंची चुकली तर ती दाबलीच जात नाही आणि फिल्टर भरून कॉफी ओट्यावर. दुसरं कारण, ते परत आलेलं, दुरुस्त करून विकायला ठेवलेलं मशीन आहे. यात चांगलं सापडू शकतं, पण घेताना झाकण उघडून आत नाक घालून वास घ्या, खवट तेलाचा वास आला तर ग्राइंडर कुणी उघडून साफ केलेला नाही. टाकीत टॉर्च मारा, पांढरा थर दिसतो का बघा. वॉरंटी नव्याएवढीच आहे का ते बिलावर लिहून घ्या, तोंडी नको.

तिसरं कारण सगळ्यात धोक्याचं, ते दुसऱ्या देशातल्या विजेसाठी बनवलेलं मशीन आहे. परदेशी वेबसाइटवर स्वस्त दिसतं, मागवलं, पिन बसत नाही म्हणून अॅडॅप्टर लावला. अॅडॅप्टर फक्त पिनचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही! १२० व्होल्टचं मशीन २३० वर लावलं तर एलिमेंट जवळजवळ पावणेचार पट वीज खेचतं, म्हणजे हजार वॉटचं मशीन साडेतीन हजारांच्या वर जाईल, जाईल कसलं, त्याआधी जळेल. उलटं केलं तर पाणी कोमट. ट्रान्सफॉर्मर लावता येतो पण हजार वॉट झेपणारा ट्रान्सफॉर्मर चांगलाच जड असतो आणि त्यानेही विजेची फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला किती ठोके (हर्ट्झ) ते, बदलत नाही, ज्या मशीनचं घड्याळ विजेच्या ६० च्या ठोक्यावर चालतं ते ५० वर तासाला दहा मिनिटं मागे पडतं, मग त्या टायमरचं काय करायचं. शिवाय त्या देशातली वॉरंटी बहुतेक वेळा त्या देशातच चालते. तेव्हा खालचं स्टिकर वाचा, व्होल्ट आणि हर्ट्झ, दोन आकडे.

मध्यंतरी भाचीने असंच एक मशीन बघितलं, मला लिंक पाठवली, मावशी घेऊ का म्हणून. मी म्हटलं आधी विक्रेत्याला विचार, ब्लेड आहे का बर. तिने विचारलं. उत्तर आलं, मॅडम स्टेनलेस स्टील आहे. परत विचारलं, दळायचा प्रकार कुठला, तर उत्तर आलं ऑटोमॅटिक. तिसऱ्यांदा विचारल्यावर उत्तर आलं की ऑफर आज रात्रीपर्यंतच आहे. यात त्या बिचाऱ्या उत्तर देणाऱ्याचा दोष नाही, त्याच्यासमोरच्या कागदावरही ते नसणार. पण ज्या मशीनच्या नावातच ग्राइंडर आहे त्या मशीनच्या माहितीत ग्राइंडरचा प्रकार नसावा हे जरा अतिच आहे, आणि माझा आतापर्यंतचा अनुभव असा की बर असला की कंपनी तो मोठ्या अक्षरात मिरवते, ज्या अर्थी लिहिलेलं नाही त्या अर्थी पातं. अपवाद असेल, मला अजून दिसलेला नाही.

कुणी म्हणेल मग ही मशिन्स घ्यायचीच नाहीत का. तसं नाही. ओट्यावर जागा कमी, प्लग एकच, रोज ठरलेल्या वेळी ठरलेली कॉफी, दाणे सहसा बदलत नाहीत, अशा घराला बर ग्राइंडरचं, ग्राइंडर बंद करायची सोय असलेलं, वरचा बर हाताने काढून साफ करता येणारं आणि थर्मास जगाचं मशीन सवलतीत मिळालं तर ते उत्तम आहे. आणि एक गट आहे ज्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही, संधिवाताने बोटं धरलेली माणसं. हाताने फिरवायचा ग्राइंडर त्यांना जमत नाही, सुट्या ग्राइंडरमधून पूड काढून फिल्टरमध्ये भरताना निम्मी सांडते, त्यांच्यासाठी हे जोडमशीन चैन नाही, रोजची कॉफी स्वतःची स्वतः करता येणं आहे. फक्त त्यांनी बास्केट ओढून काढायला किती जोर लागतो ते दुकानात स्वतःच्या हाताने करून बघावं, काही मशिन्सचं इतकं घट्ट असतं की माझाही हात दुखतो.

बाकीच्यांना, आणि बाकीचे म्हणजे बहुतेक लोक, मी सांगेन की सवलतीच्या जोडमशीनच्या पैशात आधी साधं ड्रिप आणि वेगळा बर ग्राइंडर बसतो का बघा. एक बिघडलं तरी दुसरं चालतं, एक बदलायचं तर दुसरं ठेवता येतं, आणि ग्राइंडरजवळ वाफ येत नाही हा फायदा वेगळाच. तुलना करताना मात्र बर ग्राइंडरच्या जोडमशीनशीच करा, पात्याच्या जोडमशीनशी केली तर जोडमशीन नेहमी स्वस्तच दिसणार.

घेतलेलंच असेल त्यांच्यासाठी थोडंसं. बर कोरड्या ब्रशने साफ करा, पाण्याखाली धरायचा की नाही ते मॅन्युअल सांगेल, पोलादी बर ओला राहिला तर गंजतो. तांदूळ दळून ग्राइंडर साफ करायची युक्ती सगळीकडे फिरतेय, काही कंपन्या स्पष्ट नको म्हणतात, तांदूळ कॉफीपेक्षा कडक आणि पीठ आत बसतं ते वेगळं, त्यापेक्षा ग्राइंडर साफ करायच्या गोळ्या मिळतात. टाकीचा थर सायट्रिक अॅसिडने जातो, व्हिनेगरनेही जातो पण त्याचा वास काढायला पुढे दोनदा-तीनदा साधं पाणी फिरवावं लागतं. आणि थर काढताना ग्राइंडर बंद ठेवा, नाहीतर मशीन सवयीप्रमाणे दाणे दळून अॅसिडमध्ये टाकेल.

तर संपादक साहेब, मागणी एवढीच. जाहिरातदाराला काय छापायचं ते तुम्ही सांगू शकत नाही, पण तुमच्या स्वतःच्या 'काय घ्याल'च्या चौकटीत जागा तुमची आहे. टायमर आणि रंग यांच्या ओळी काढा आणि तिथे ग्राइंडर कुठला, तो बंद करता येतो का, किती ग्रॅम दाणे मावतात, किती मिलीचा कप धरलाय, कुठल्या व्होल्टेजचं आहे आणि जग व बर सुटे मिळतात का, हे छापा. आणि ज्या मशीनबद्दल कंपनी उत्तर देत नाही तिथे 'कंपनीने सांगितले नाही' असंच छापा, मला वाटतं दोन-तीन आठवडे असं छापून आलं की पुढच्या जाहिरातीत आपोआप लिहून यायला लागेल.

आपली,
एक नियमित वाचक

ता.क. बऱ्याच जोडमशीनबरोबर धातूच्या जाळीचा कायमचा फिल्टर येतो आणि 'कागदाचा खर्च वाचवा' असं लिहिलेलं असतं. जाळीतून कॉफीतली काही तेलकट द्रव्यं खाली उतरतात, त्यातल्या कॅफेस्टॉल नावाच्या द्रव्याने रक्तातलं एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट म्हणतात ते, कोलेस्टेरॉल वाढतं, कागद ती बऱ्यापैकी अडवतो. ज्यांना डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल सांभाळायला सांगितलंय त्यांनी त्या बास्केटमध्ये कागदाचा फिल्टर बसतो का हे घेण्याआधी विचारावं, आणि बसत असेल तर कुठल्या आकाराचा, सपाट तळाचा की शंकूचा, कारण दोन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत.